शीळ आणि शिट्टी

मिलिंद, तुझ्या फ्लेक्सवरचं नाव चुकलं होतं.

फाट्यावर एसटी थांब्याच्या अंगाला पोरांनी हा भला मोठा फ्लेक्स लावला होता. ‘कालकथित मिलिंद’ आणि पुढं कंसात ‘शिट्टी’. कोपऱ्यात एक पाखरूही टाकलं होतं, तू पाखरांच्या नादातला माणूस म्हणून. ते पाखरू खंड्या होतं. निळं दिसलं, उचललं. तू असतास तर खंड्यावरून पोरांना उभं-आडवं घेतलं असतंस आणि कंसातल्या शब्दाकडं बघून नुसता हसला असतास. आपलं इथंच कधी जमलं नाही.

पोरांना मी विचारलं, “हे कंसातलं कुठनं आणलं रे?”

“म्हंजी? शिट्टीमामाच म्हनायचे की सगळे. कंपनीचा भोंगा व्हता त्यांच्याकडं, म्हनून.”

“न्हाई रं,” दुसरा म्हणाला, “पाखरागत शिट्टी मारायचे म्हनून.”

तुला शिट्टी मारताच येत नव्हती, हे त्या फाट्यावर एकट्या मला माहीत होतं. ओठांचा चंबू करायचास, गाल फुगवायचास आणि बाहेर नुसती हवा. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. ज्या पाखराच्या शिळेमागं जन्मभर फिरलास, त्याला एकदाही उत्तर देता आलं नाही तुला. आणि गावानं नाव काय ठेवलं, तर शिट्टी.

पोरांचा दोष नाही. ती जन्मली तोवर ती शिवी झिजून झिजून लाडाचं नाव झाली होती.

मी गप्प राहणारा माणूस आहे, तुला माहीत आहे. डेअरीवर फॅट सांगतो, डिग्री सांगतो, पुढची किटली घेतो. आज मात्र बोलणार आहे. तुझी परवानगी घेणार नाही, कारण तू ती दिली नसतीस. “जाऊ दे, दत्ता,” म्हणाला असतास. नाही जाऊ देत. तू गेलास म्हणून तर मुळीच जाऊ देत नाही.

आधी पाखराचं सांगतो. तू सांगितलं असतंस तर आधी तेच सांगितलं असतंस.

पुस्तकात त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात, तू नुसतं कस्तूर म्हणायचास. साळुंकीहून मोठं. लांबून पाहिलं तर काळं, कावळ्याचं धाकटं भावंड वाटावं असं. पण उन्हाची तिरीप पडली की कपाळावर आणि खांद्यांवर निळा चट्टा पेटतो आणि पाखरू सावलीत सरकलं की विझतो. “त्यो रंग न्हाई, उजेड हाय,” तू म्हणायचास. “रंग असता तर सावलीत गेला असता का कुठं?” नर आणि मादी सारखेच दिसतात, आणि ते ओळखता येत नाही म्हणून तू कधी शरमला नाहीस. राहणं सह्याद्रीच्या उंच रानात, ओढ्याकाठी. दगडांवर शेवाळ पाहिजे, अंगावर झाडीची सावली पाहिजे आणि कुठंतरी पाणी पडत असलं पाहिजे. म्हणजे आपली भीमा जिथून निघते तिथं. दौंडच्या पुलाखालून जे पाणी जातं, त्याचा पहिला घोट हे पाखरू घेतं, असं तू मोठ्या अभिमानानं सांगायचास, आणि वर, “आन् आपल्या वाट्याला त्यातलं काय येतं ते इचारू नको.”

सगळा डोंगर गळत असतो तेव्हा त्याची वीण. घरटं धबधब्याच्या आडोशाच्या कपारीत. शेवाळ, बारीक मुळ्या, चिखल यांची जाड गादी, आणि पुढं पाण्याचा पडदा. साप येत नाही, माणूस येत नाही. जागा जमली की वर्षावर्षाला तिथंच. खेकडा धरला की एका ठरलेल्या दगडावर आपटून त्याच्या नांग्या मोडतं. असा एक दगड तू मला दाखवला होतास, सगळा कवचांच्या तुकड्यांनी भरलेला. “ही ह्याची खानावळ,” म्हणालास.

आणि शीळ. फटफटायच्या आधी सुरू होते. माणूस रस्त्यानं एकटा चाललाय, मनात काही नाही, अर्धी चाल शिळेवर घेतो, पुढची विसरतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो, मध्येच वर चढतो. तशी. पहिल्यांदा ऐकणारा मान वळवून माणूस शोधतोच शोधतो. कुणी म्हणालं की पाखरू माणसाची नक्कल करतंय, तर तू चिडायचास. “माणूस नव्हता तवापासनं ते शीळ घालतंय. नक्कल आपुन करतो.”

आपल्याकडं दोन शब्द आहेत. शीळ घालतात आणि शिट्टी मारतात. शीळ पाखरू घालतं, गुरांमागचा माणूस घालतो, आपली आपल्याशी. शिट्टी कुणाला तरी मारतात, बहुतेक वेळा बाईला. पाखरानं जे घातलं ते तू मारलंस असं गावानं ठरवलं. सगळं त्या दोन शब्दांत झालं.

आपण विशीत होतो. तू आप्पांच्या टेम्पोवर ड्रायव्हर. आप्पा माझे चुलते, तेव्हा सोसायटीचे चेअरमन. आजही गावात त्यांच्यापुढं कुणी पाय पसरून बसत नाही. श्रावणात आमची भावकी, बायका, पोरीबाळी सगळ्यांना टेम्पोत घालून भीमाशंकरला नेलं होतं. मुक्काम एका यात्रेकरूंच्या खोलीत, दाटीवाटीनं. तू खाली टेम्पोत. तुला वर कुणी बोलावलं नाही, आणि का बोलावलं नाही हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. मला तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. हेही लिहून ठेवतो.

पहाटे घोरण्याला वैतागून मी बाहेर आलो, तर तू टेम्पोला टेकून, मान वाकडी करून ऐकत उभा.

“कोन रं शिट्टी मारतंय एवढ्या सकाळी?” मी विचारलं.

“मानूस न्हाई त्यो. मघाधरनं ऐकतोय. मानसाला एवढा दम नसतो.”

आपण ओढ्याच्या कडेनं वर चढलो. धुकं असं की पुढं केलेला हात पुसट दिसावा. मग ते दिसलं. मधल्या दगडावर, शेपटीचा पंखा मिटत-उघडत. तू ओल्या दगडावर पालथा पडलास. मी तुझ्या मागं.

आणि मग मी ते केलं. मला शीळ झकास यायची, तुला ठाऊक आहे. पाखरू थांबल्यावर मी त्याचीच चाल उचलली आणि परत फेकली. ते गप्प झालं. मग त्यानं पुन्हा धरली. मी पुन्हा उत्तर दिलं, या वेळी मोठ्यानं. तू मागं वळून पाहिलंस. “आयला दत्ता, बोलतंय की ते तुझ्यासंगं!” तुझा तसला आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

खालच्या वळणावर बायका अंघोळीला उतरल्या होत्या. धुक्यात आपल्याला दिसल्या नव्हत्या. खालून ओरडा आला, “कोन मुडदा शिट्ट्या मारतोय वर?” पाठोपाठ पुरुषांचे आवाज. मी पळालो. कारवीतून घुसत, मागच्या बाजूनं खोलीत शिरलो आणि घोंगडं डोक्यावरून घेतलं. तू पळाला नाहीस. कितीतरी दिवस मला वाटायचं की तुझ्यात धाडस होतं. पुढं तुझ्याबरोबर हिंडताना कळलं. हललं की पाखरू उडतं, एवढंच तुझ्या डोक्यात होतं. पळायचं काही कारण आहे हे तुला सुचलंच नव्हतं.

आप्पांनी पायातली चप्पल काढली. बाकीच्यांनी हाताला येईल ते घेतलं.

“पाखरू हाय आप्पा! शप्पथ, पाखरू हाय!”

“पाखरू? आमच्या लेकीबाळी पान्यात, आन् तू पाखराचं नाव सांगतो? पाखरं शिट्ट्या मारत्यात व्हय रं?”

“दत्ताला इचारा! दत्ता व्हता संगं!”

हे मी घोंगड्याखालून ऐकलं. नीट ऐकलं. ‘दत्तानं मारली’ असं तू म्हणाला नाहीस. ‘दत्ताला इचारा’ म्हणालास. मार खातानासुद्धा बोलायची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलीस. आप्पा दारात आले. “व्हतास का रं ह्याच्यासंगं?”

“न्हाई आप्पा. झोपलो व्हतो मी.”

बस. एवढंच माझं वाक्य. त्याच्यावर तुझं नाव उभं राहिलं.

परत यायचं होतं आणि धुक्यात घाट उतरवणारा तिथं तुझ्याशिवाय कुणी नव्हता. ज्यांनी मारलं त्यांनीच तुला चावी दिली. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फुटलेला, आणि तू त्या सगळ्यांना, माझ्यासकट, सुखरूप खाली आणलंस. मंचरला चहाला थांबलो. तू जागेवरून उठला नाहीस. मी ग्लास घेऊन खिडकीशी आलो. तू घेतलास, प्यालास, रिकामा ग्लास माझ्या हातात दिलास. शिवी दिली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

गावात पोचलो त्याच संध्याकाळी नाव ठरलं. शिट्टी. तू आप्पांचा टेम्पो सोडलास आणि कारेगावला कंपनीत लागलास. तुझी सोयरीक दोनदा जमता जमता मोडली, कारण पाहुण्यांना फाट्यावरच कुणीतरी गाठून विचारायचं, “शिट्टीकडं आलाय का?” केडगावकडच्या सुजातावहिनींनी मात्र ऐकूनही होकार दिला. का दिला, ते त्यांनी मला परवा सांगितलं. त्याकडं येतो.

वर्षभर आपण बोललो नाही. मग पुढच्या आषाढात डेअरीसमोर तुझी मोटारसायकल उभी राहिली.

“येतो का?”

“कुठं?”

“पाखरू बघाया.”

मी दुधाची कॅनं पोराटोरांच्या हवाली केली आणि मागं बसलो. त्यानंतर दर पावसाळ्यात. कंपनीची साप्ताहिक सुट्टी, तुझी गाडी, मंचर, घोडेगाव, वर. मंचरला चहा. त्या टपरीवर एकदाही तू जुना विषय काढला नाहीस. मी वाट बघायचो की आज काढशील. काढला असतास तर मी काय केलं असतं? फार विचार केलाय यावर. मी म्हणालो असतो, “अरे, मी खरंच झोपलो होतो.” तोवर मला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं. तुला ते कळत असावं. मला खोटं बोलायला लावायचं नाही म्हणून तू गप्प राहिलास, असं मी आज म्हणतो. पण हे माझ्या सोयीचंही असेल. तू नाहीस, तेव्हा तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मीच लावणार, आणि तो मला परवडेल असाच लावणार. म्हणून तोही इथं सोडून देतो.

एकदाच तू जवळ आला होतास. ओढ्याकाठी दंगा करत टोळकं आलं आणि कस्तूर शीळ मध्येच टाकून दगडामागं गेलं. मी म्हणालो, “भित्रं आहे लेकाचं.” तू म्हणालास, “भित्रं न्हाई. गलका झाला की पाखरू गप्पच बसनार. त्याच्याकडनं साक्षीची आशा कोन करतंय?” त्या वेळी तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मुद्दाम बघितलं नाहीस.

बाकी भांडायला आपल्याकडं पाखरू होतंच. निघोजच्या रांजणखळग्यांपाशी एका हिवाळ्यात तुला कस्तूर दिसलं, ते भांडण अजून संपलेलं नाही. मी म्हणालो, इथं कुठलं आलंय, ना रान ना धबधबा. तो निळा कस्तूर असणार, उत्तरेकडनं थंडीपुरता येणारा, तो उघड्या खडकावरच बसतो. तू म्हणालास, त्यो बारका असतो, आन् सगळाच निळसर असतो, ह्याच्या फक्त खांद्यावर चट्टा होता. पावसाळा सरल्यावर एखादं कस्तूर ओढ्याओढ्यानं खाली उतरतंच. मी म्हणालो, शीळ ऐकली का? तू म्हणालास, “हिवाळ्यात शीळ घालत न्हाई ते, येड्या. नुसतं क्रीऽ करून उडतं.” मग क्रीऽ ऐकलं का? तू गप्प. मी जिंकलो असं समजलो. आता तूच नाहीस, तर सांगून टाकतो. नंतर एकदा मी एकटाच तिथं गेलो होतो, आणि खडकाखालून क्रीऽ करून एक काळं पाखरू उडालं होतं. खांदा दिसला नाही. तुला सांगितलं नाही, कारण मग तू जिंकला असतास. मी असला माणूस आहे, मिलिंद. छोट्या गोष्टीतही असलाच.

तू कारेगावच्या थांब्यावर कंपनीच्या बसमधून उतरून खाली बसलास, आणि उठलाच नाहीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा डेअरीवर आले. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण रोज काठी टेकत येतात. म्हणाले, “चांगला गडी व्हता. तरनपनी पाय घसरला, पर पुढं सुधारला.”

सुधारला. तुझ्या सगळ्या जन्माचा हा निकाल.  रांगेतली माणसं माना हलवत होती.

त्या दिवशी मी शालनला फोन केला. शालन म्हणजे आप्पांची थोरली, माझी चुलत बहीण, आता केडगावला दिलेली. त्या पहाटे पाण्यात तीही होती. म्हटलं, मी काहीतरी बोलणार आहे, त्यात तुझंही नाव निघेल.

“बोल की,” ती म्हणाली. “तुझीच व्हती ना ती?”

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“दादा, दोन शिळा व्हत्या. एक लांबची, गोड, इकडनं तिकडं भटकनारी. आन् एक जवळची. जवळची मी ऐकली आन् मला हसूच आलं. म्हनलं, आला दादा. लहानपनी बांधावर बसून तूच शिकवली व्हतीस मला. तुझी शीळ मला कळनार न्हाई व्हय?”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मला इचारलं कुनी? आमच्यासाठी मारामारी चाललीया म्हनं, आन् आमाला कुनी एका शब्दानं इचारलं न्हाई. आप्पा म्हनले, आत जा. गेलो आमी आत.” मग म्हणाली, “माझं नाव घे खुशाल. माझं आता कोन काय करतंय.”

म्हणजे त्या पहाटे तिथं तीन जणांना खरं माहीत होतं. एकाला कुणी मानलं नाही, एकीला कुणी विचारलं नाही. ज्याला मानलं असतं आणि ज्याला विचारलंही होतं, तो घोंगड्याखाली होता.

तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात होता. आमच्या आळीतलीही बरीच माणसं आली होती, तुला आवडलं असतं किंवा तू हसला असतास. तुझ्या कंपनीतला एक बिहारी दोस्त आला होता. “मिलिंदभाई हमको मशीन भी सिखाये, चिड़िया भी,” एवढं बोलला आणि रडायला लागला. मग आप्पांना पुढं खुर्ची देऊन माईक दिला. आप्पा तेच बोलले. “तरनपनात चूक कुनाकडनं व्हत न्हाई? मिलिंदानं ती सुधारली, हे आपुन समद्यांनी घेन्यासारखं हाय.”

टाळ्या पडल्या. पडल्या, मिलिंद. तुझ्या फोटोसमोर.

मी उठलो. माईक हातात घेतला. गेल्या श्रावणात तू व्हॉट्सॲपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग होतं, ते लावलं आणि मोबाईल माईकला चिकटवला. आधी पाण्याचा आवाज. मग ती शीळ. सगळ्या विहारभर फिरली, वर गेली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून धरली.

आप्पांची मान झटक्यानं वर झाली. “कोन हाय रं त्यो?” खुर्चीतून अर्धवट उठून, काठी उगारून ते दाराकडं बघायला लागले. “बायामानसं बसल्यात हितं. कोन शिट्टी मारतंय?”

पुढच्या रांगेतली माणसंही दाराकडं वळली. मग मागून कुणा पोराचं, “आप्पा, मोबाईल हाय त्यो. पाखरू हाय.”

“पाखरू?” आप्पा म्हणाले. आणि बसले.

मी सांगितलं. भीमाशंकर, धुकं, ओढा, दगडावरचं पाखरू. हे तेच आहे. मिलिंदनं कुणाला शिट्टी मारली नव्हती. सांगून होईपर्यंत समोरच्या माणसांचे चेहरे सैल व्हायला लागले होते. सरपंच म्हणाले, “म्हंजी समदा गैरसमजच की!” कुणीतरी म्हणालं, “पाखरानं बट्ट्याबोळ केला राव.” हसू पिकलं. खरंच हसले सगळे, मोकळे होऊन हसले. आप्पासुद्धा पुटपुटले, “आता पाखराला काय म्हननार.”

तिथं मी खाली बसू शकलो असतो. सगळ्यांचं भागलं होतं. तुझं नाव धुतलं गेलं, आप्पांचं राहिलं, आणि माझ्या वाट्याला तर धाडसी मित्र म्हणून शाबासकी यायची होती. सगळा दोष एका पाखरावर गेला होता, ज्यानं आपल्या ओढ्यावर आपली शीळ घातली, एवढंच केलं होतं. मी माईक खालीही ठेवला होता. खोटं नाही बोलत.

तेवढ्यात सुजातावहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “पाखरू नेहमीच बोलतं तिथं. मग त्या दिवशी बायकांना जवळून कशी ऐकू आली?”

त्यांना हे कुठून ठाऊक, कुणास ठाऊक. बायकांत बोलणं होतच असणार. मी माईक पुन्हा उचलला.

“कारण जवळची माझी होती,” मी म्हणालो. “पाखराला उत्तर म्हणून मी घातली. खाली बायका आहेत हे मला माहीत नव्हतं. पण नंतर कळलं, तेव्हा मी पळून गेलो. आप्पांनी विचारलं, मी झोपलो होतो म्हणालो. मी झोपलो नव्हतो. मिलिंदला हे माहीत होतं आणि त्यानं कधीही, कुणालाही सांगितलं नाही. सुधारायचं होतं ते मला. माझं राहून गेलं.”

या वेळी कुणी हसलं नाही.

आप्पा काठी टेकत उठले आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले. त्यांच्या मागं आमच्या आळीतली निम्मी माणसं. मी वहिनींसमोर गेलो. वाटलं होतं, रडतील. त्या रडल्या नाहीत.

“लग्नाआधी मी त्यांना विचारलं होतं, दत्ताभाऊ. म्हणाले, मी शिट्टी मारली नाही. मी म्हटलं, मग कोणी मारली? म्हणाले, ते माझं सांगायचं नाही. मी म्हटलं, बरं. जो माणूस दुसऱ्याचं नाव झाकतो, तो माझ्याशी खोटं वागणार नाही. म्हणून होकार दिला मी.” त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. “आणि तुम्ही इतकी वर्षं माझ्या घरात चहा पीत होता.”

“हो.”

“त्या पाखराचे सगळे आवाज तुमच्या मोबाईलमध्ये आहेत ना, ते मला पाठवा. आणि काही दिवस येऊ नका.”

पाठवले. गेलो नाही. त्यांनी माफ केलं नाही, आणि करावं असं मी मागणारही नाही. सगळे सांगतात, मन मोकळं केलंस, हलकं वाटत असेल. मला हलकं वाटत नाही आणि ते वाटायलाही नको आहे. तुझ्या वाट्याचं ओझं तू हसत वाहिलंस, हे कौतुकानं सांगणाऱ्यांना मी आता तोंडावर सांगतो, ते त्याचं नव्हतंच.

आमच्या आळीतली बरीच जणं आता दूध पलीकडच्या डेअरीला घालतात. आप्पांनी निरोप धाडला की चुलत्याला भर सभेत खाली बघायला लावणारा पुतण्या मला नको. मी उलट निरोप धाडला की मिलिंदच्या घरी जाऊन माफी मागा, मग मी येतो. आप्पा जाणार नाहीत. मीही जाणार नाही. चालू द्या. घरात सगळे म्हणतात, म्हातारा माणूस आहे, किती दिवसाचा. तू तर म्हातारा पण झाला नाहीस.

पोरांना मी म्हटलं, फ्लेक्स उतरवा, मी नवा करून देतो. त्यांनी माझ्याकडून फ्लेक्स घेतला नाही. त्यांचा त्यांनीच नवा केला. नुसतं ‘मिलिंद’. पुढं कंस नाही. खंड्या गेला, खरं कस्तूर आलंय, कपाळावर निळी तिरीप असलेलं. फोटो वहिनींनी दिला म्हणे.

काल संध्याकाळी कॅनं घेऊन फाट्यावरून येत होतो. पारापाशी पोरं बसली होती. मी पुढं गेल्यावर मागून आवाज आला, “ओ शिट्टी!” आणि पाठोपाठ दबलेलं हसू.

थांब्यावरच्या दोघा म्हाताऱ्यांनी सवयीनं तुझ्या वस्तीच्या रस्त्याकडं पाहिलं.

मी गाडी थांबवली, पाय टेकवला, मागं वळलो.

“बोला,” म्हणालो.